क्वारंटाइन : शब्द, उगम आणि अनुभव

उज्जैन शहराच्या माधवनगर म्हणजेच फ्रीगंज भागातील टावर चौक हे संध्याकाळी माणसांनी फुलून जाणारे ठिकाण. शिंद्यांच्या राजवटीपासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यामुळे या चौकात हिंदी आणि माळवीबरोबर मराठी व उर्दूही कानावर पडते. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि त्यानंतर २५ मार्चपासूनची टाळेबंदी यांनी हा चौक ओस पाडला. मध्य प्रदेशातील करोनाचा पहिला मृत्यू याच शहरातील एका रहिवाशाचा होता. त्या दिवसांत शासकीय हिंदीने ‘संगरोध’ हा शब्द पुढे केला, मराठीने ‘विलगीकरण’, आणि उर्दूत ‘करंतीना’ हा जुना शब्द पुन्हा वापरात आला. लोकांच्या तोंडी मात्र भाषा कोणतीही असो, शब्द एकच होता : क्वारंटाइन.

त्याच सुमारास भ्रमणध्वनीवरून एक मजकूर घरोघर पोहोचला. त्याचा आशय असा की, क्वारंटाइनचा शोध इब्ने सीना यांनी लावला. रोग्याला चाळीस दिवस वेगळे ठेवण्याच्या या पद्धतीला त्यांनी ‘अल-अरबईनिया’ म्हणजे ‘चाळिशी’ असे नाव दिले. आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ती इटलीत नेऊन तिचे भाषांतर केले. हा मजकूर आजही अधूनमधून भाषणांत आणि वर्गातल्या फळ्यावर दिसतो. ऐकायला तो सुखावणारा आहे. अडचण एवढीच की त्याला पुरावा नाही. इब्ने सीना (९८० ते १०३७) यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांचा विचार आहे, दूषित हवा व पाणी यांची चर्चा आहे. परंतु प्रवाशांना चाळीस दिवस अडवून ठेवण्याचा नियम त्यांनी घालून दिला, हे कोठेही सिद्ध होत नाही. ज्यांच्या ग्रंथावर युरोपातील वैद्यकशाळा काही शतके चालल्या, त्यांच्या नावावर आणखी एक शोध चिकटवण्याची गरजही नाही. मग खरा इतिहास काय, आणि त्यात मुस्लिम परंपरेचा वाटा नेमका कोणता, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रथम शब्द. व्हेनिसच्या बोलीत ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस आणि ‘क्वारांतेना’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. हाच शब्द फ्रेंच, इंग्रजी, तुर्की व अरबीत पसरला. बैरूत शहरात ‘करंतीना’ नावाची वस्ती आजही आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांना थांबवून ठेवले जाई. आजची अरबी ‘हज्रे सिह्ही’ असे म्हणते. विशेष म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ रोगाशी संबंधित नव्हताच. पतीच्या मृत्यूनंतर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा जो हक्क होता, त्याला हे नाव होते. हा हक्क १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये नोंदलेला आहे. इद्दतचा अर्थ वेगळा आणि मुदतही वेगळी. तरीही मृत्यूनंतरच्या ठरावीक दिवसांत स्त्रीला घराबाहेर काढता येणार नाही ही कल्पना दोन दूरच्या समाजांत आढळते, हे भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

चाळीसच दिवस का? याला वैद्यकीय कारण फारसे नाही. ग्रीक वैद्यकात तीव्र आजाराचा निकाल चाळीस दिवसांत लागतो असा समज होता. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ चाळीस दिवसांचा. हजरत मूसा यांच्या चाळीस रात्रींचा उल्लेख कुरआनात आहे. फारसी ‘चेहल’पासून सूफींचा ‘चिल्ला’ आला आणि ‘चेहलुम’ही आला. बाळंतिणीचे चाळीस दिवस आपल्याकडे पाळतात; मराठी हिंदू घरांत त्यालाच सव्वा महिना म्हणतात. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यासाठी लागणारा काळ म्हणजे चाळीस, ही समजूत भूमध्य समुद्रापासून दख्खनपर्यंत पसरलेली होती. व्हेनिसने ती अरबांकडून उसनी घेतली असे मानण्याचे कारण नाही.

शब्दाकडून कल्पनेकडे वळले की चित्र बदलते. हिजरी १७-१८ मध्ये (इ.स. ६३८-३९) शाम म्हणजे सीरियाच्या प्रदेशात ताऊनची साथ पसरली. पॅलेस्टाइनमधील अमवास या गावावरून ती इतिहासात ‘ताऊने अमवास’ म्हणून ओळखली जाते. खलीफा हजरत उमर (रजि.) मदीनेहून शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) त्यांना भेटले आणि साथीची बातमी कळली. पुढे जावे की परतावे यावर सल्लामसलत झाली आणि मतभेद झाले. हजरत उमर यांनी परतण्याचा निर्णय घेतला तेव्हा, अल्लाहने ठरवलेल्या गोष्टीपासून पळता काय, असा प्रश्न अबू उबैदा यांनी केला. त्यावर हजरत उमर यांनी उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी व दुसरी ओसाड असेल तर मेंढपाळ उंट हिरव्या बाजूला नेतो. तेथेही तो अल्लाहच्या योजनेतच असतो. इतक्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषितांचे (स.) वचन सांगितले : साथ असलेल्या भूमीत जाऊ नका, आणि तुम्ही असलेल्या भूमीत साथ आली तर तेथून पळून जाऊ नका. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे. अबू उबैदा आपल्या सैन्यासोबत राहिले आणि त्याच साथीत गेले. हजरत मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले.

या प्रसंगात क्वारंटाइनचे बीज आहे असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. आज ‘क्वारंटाइन’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली, साथीच्या प्रदेशात ये-जा बंद करणे. दुसरी, आजारी माणसाला वेगळे ठेवणे. तिसरी, धडधाकट दिसणाऱ्या पण संशयित प्रवाशाला ठरावीक मुदतीपर्यंत वेशीबाहेर थांबवणे. सरगच्या प्रसंगात पहिली गोष्ट स्पष्ट आहे, आणि ती शिपायाच्या पहाऱ्यावर उभी नसून माणसाच्या स्वतःच्या जबाबदारीवर उभी आहे. दुसऱ्या गोष्टीचा दाखला उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या काळात मिळतो. इ.स. ७०७ च्या सुमारास त्यांनी कुष्ठरोग्यांना लोकांपुढे हात पसरण्यास मनाई केली आणि त्याबरोबरच त्यांना तनखा बांधून दिला. मनाई आणि तनखा एकाच हुकुमात आले, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट, म्हणजे शब्दशः क्वारंटाइन, ही मात्र एड्रियाटिक समुद्रावरील रागुसाची, आजच्या दुब्रोवनिकची, देणगी होय. काळ्या मृत्यूला तीस वर्षे होत आली होती. २७ जुलै १३७७ रोजी या व्यापारी नगरराज्याच्या महासभेने ठराव केला की, साथीच्या भागातून येणाऱ्याने शहरात प्रवेश करण्यापूर्वी म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी एक महिना राहावे. म्हणजे पहिली मुदत तीसच दिवसांची होती. चाळीस नंतर झाले. शहरातील जो कोणी त्या प्रवाशांना भेटायला जाईल त्यालाही तेथेच महिनाभर राहावे लागे. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभे केले. त्या बेटावर नाझारेतच्या मेरीचे चर्च होते. ‘नाझारेतो’ आणि कुष्ठरोग्यांचा संत लाझारस यांच्या मिश्रणातून ‘लाझारेत्तो’ हा शब्द तयार झाला असे मानतात. १४६८ मध्ये संशयित जहाजांसाठी दुसरे बेट राखून ठेवले गेले. तेथील गोदामाच्या भिंतींवर अडकून पडलेल्या व्यापाऱ्यांनी व पहारेकऱ्यांनी लिहिलेल्या ओळी आणि काढलेली चित्रे आजही पाहता येतात.

याच चौदाव्या शतकात ग्रानाडाचे वजीर लिसानुद्दीन इब्नुल खतीब साथीवर लिहीत होते. संसर्ग नाकारणाऱ्या काही धर्मपंडितांना त्यांनी ठामपणे उत्तर दिले : रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे अनुभवाने, निरीक्षणाने व वारंवार आलेल्या वृत्तांतांनी सिद्ध झाले आहे. मोरोक्कोतील सले शहरात एका धार्मिक गृहस्थाने धान्य भरून घेतले आणि कुटुंबासह घराचे दार चिणून घेतले. शहर साथीत सापडले, पण ते घर वाचले, असा दाखला त्यांनी दिला. मुस्लिम परंपरेचा वाटा शोधायचाच असेल तर तो येथे शोधावा. खोट्या चाळिशीपेक्षा हा खरा वाद विद्यार्थ्यांना अधिक शिकवून जाईल, कारण त्यात दोन्ही बाजूंना मुस्लिम विद्वानच आहेत.

उस्मानी साम्राज्याने सुलतान महमूद दुसरे यांच्या काळात, १८३८ मध्ये, क्वारंटाइन मंडळ स्थापन केले. त्यासाठी उलेमांचा पाठिंबा मिळवावा लागला. अल्जीरियाचे हमदान बिन उस्मान खोजा यांनी क्वारंटाइन शरीअतला धरून आहे हे दाखवणारे एक पुस्तकच त्या सुमारास लिहिले.

हिंदी मुसलमानांचा क्वारंटाइनशी खरा संबंध आला तो हजच्या वाटेवर. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला. सुमारे १५,००० यात्रेकरू दगावले असा अंदाज त्या वेळी केला गेला. परतीच्या प्रवासाबरोबर रोग सुएझ, इजिप्त आणि तेथून युरोपच्या बंदरांत पोहोचला. युरोप हादरला. १८६६ मध्ये इस्तंबूल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि कॉलऱ्याचे मूळ हिंदुस्थानात व त्याचे वाहन यात्रेकरू, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर उत्तर हिंदुस्थानात कॉलरा पसरला आणि सरकारच्या नजरेत हाजी आणि कुंभाचा यात्रेकरू एकाच पंक्तीत बसले. सिंहस्थाच्या उज्जैनमध्ये हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

तांबड्या समुद्रातील कामरान या लहानशा बेटावर उस्मानी सरकारने १८८२ मध्ये क्वारंटाइन ठाणे सुरू केले. मुंबई-कराचीहून जेद्दाहकडे निघालेले जहाज तेथे थांबे, यात्रेकरू उतरवले जात, कपडे व सामान धुरी-वाफेखाली जाई, आणि सर्वसाधारणपणे दहा दिवस झोपड्यांत काढावे लागत. जहाजावर कोणी आजारी पडले की मुदत पुन्हा वाढे. या मुक्कामाचे शुल्क यात्रेकरूनेच भरायचे. आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून निघालेल्या शेतकऱ्याला किंवा विणकराला या दहा दिवसांचा खर्च म्हणजे परतीच्या तिकिटाचा प्रश्न असे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, इंग्रजांनी बेट ताब्यात घेतले आणि १९२६ पासून डचांच्या सहभागाने ठाणे चालवले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाजींना ‘कामरान’ हे नाव तोंडपाठ होते.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. १८७० आणि १८८० च्या दशकांत हिंदुस्थान सरकार तांबड्या समुद्रातील क्वारंटाइनच्या विरोधात होते. सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम कॉलरा माणसांमार्फत पसरतो हेच मान्य करीत नव्हते. १८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूला पुष्टी दिली तरी भूमिका लवकर बदलली नाही. कारण उघड होते : जहाजे अडली की व्यापार अडतो. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि युरोपने हिंदी मालावर बंदी घालण्याची भाषा सुरू केली, तेव्हा हेच सरकार रातोरात क्वारंटाइनचे कट्टर समर्थक झाले.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान जाहीर केले. त्या काळच्या मराठीत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. उर्दूत ‘ताऊन’ हा तेरा शतकांचा जुना शब्द तयारच होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून हजला जाण्यास बंदी आली. क्वारंटाइन ज्या शहराने रूढ केले, त्याच शहरात जमलेल्या सरकारांच्या दबावाखाली हजची वाट बंद व्हावी, हा योगायोगच म्हणायचा.

पुण्यात काय घडले ते मराठी वाचकास परिचित आहे. विशेष प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांनी मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांची झडती घेतली. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. सामान जाळले जाई. २२ जून रोजी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. याच शहरात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला होता. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. एकाच महिन्यात, एकाच शहरात, रोग्याला वेगळे नेण्याच्या या दोन पद्धती दिसतात.

मुंबईतील घटना तुलनेने कमी सांगितल्या जातात. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी जुलाहा मुसलमानांच्या वस्तीत एका मुलीला तपासून नेण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली. पडदानशीन स्त्रीला परक्या पुरुषाने हात लावावा ही गोष्ट त्या विणकरांना असह्य होती. पण तेवढेच कारण देऊन थांबणे योग्य नाही. गिरणीतील हिंदू कामगारांनाही इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही हाच अनुभव होता. भीती धर्माची नव्हती असे नाही, पण ती एकट्या मुसलमानांची नव्हती. एप्रिल २०२० मध्ये इंदूरच्या एका मोहल्ल्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली. ते कृत्य निंद्यच होते. परंतु त्यानंतर ज्या सहजतेने संपूर्ण समाजावर ठपका ठेवला गेला, ती सहजता १८९६ चे गिरणी कामगार आठवले असते तर राहिली नसती.

मुंबईत मार्ग निघाला तो बळाने नव्हे. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसरे आगाखान, तेव्हा जेमतेम विशीतले, यांनी अनुयायांसमोर ती उघडपणे टोचून घेतली आणि संशोधनासाठी जागा दिली. वेगवेगळ्या जमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली, जेथे रोग्याला ओळखीचे अन्न आणि ओळखीचा चेहरा मिळे. सरकारनेही हळूहळू सक्ती सैल केली.

आणि सर्वांत कडू गोष्ट अशी की, १८९७ ची सक्ती शास्त्रीयदृष्ट्याही बरीचशी चुकीच्या दिशेने होती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवले. पुढच्या दशकातील संशोधनाने ते पक्के झाले. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला नव्हे, तर उंदराच्या पिसवेमार्फत होतो. छावणीत कोंडलेले नातेवाईक बहुधा कोणालाच धोकादायक नव्हते. उलट खेड्यापाड्यांतली रीत शहाणपणाची होती : उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात आग्र्याच्या साथीची हकीकत दिली आहे. एका अमीराच्या घरात उंदीर झिंगल्यासारखा बाहेर पडला, मांजराने त्याला धरले, आणि पुढे घरातली माणसे पटापट मरू लागली. सुमारे दोनशे ऐंशी वर्षे आधी उंदराची ही नोंद फारसीत लिहून ठेवलेली होती. अमवासच्या साथीत शेवटी हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत पांगवले आणि साथ ओसरली, असे इतिहासकार सांगतात. माळावरच्या झोपडीची आणि त्या डोंगराची युक्ती एकच आहे.

उर्दू वाचकाच्या मनात या विषयावर एक कथा हमखास येते. राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘दाना-ओ-दाम’ या पहिल्या संग्रहातील ‘क्वारंटीन’. प्लेगपेक्षा लोक क्वारंटाइनला अधिक घाबरतात, हे तिचे सूत्र. डॉक्टर मनातून घाबरलेले आहेत. भागू हा झाडूवाला मात्र रोग्यांना उचलतो, धीर देतो, त्याची स्वतःची बायको साथीत जाते. साथ संपते तेव्हा हारतुरे डॉक्टरांच्या गळ्यात पडतात आणि भागू त्यांचे अभिनंदन करायला येतो. पदवीच्या वर्गात ही कथा बहुधा मानवतावादाचा नमुना म्हणून शिकवली जाते. तिला १८९७ च्या शेजारी ठेवून शिकवले तर विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल की लोकांची ती भीती अडाणीपणाची नव्हती, ती अनुभवाची होती.

१८९७ चा साथरोग कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा त्या शहराला थेट लागू नव्हता. मार्च २०२० मध्ये देशभरातील राज्यांनी हाच कायदा वापरला. त्यात अधिकाऱ्यांच्या अधिकारांसाठी एक कलम आहे, न ऐकणाऱ्याच्या शिक्षेसाठी एक, आणि कायद्याखाली काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही हे सांगणारे एक. अडवून ठेवलेल्या माणसाच्या भाकरीचा किंवा मजुरीचा विचार त्यात कोठे आहे, असे कोणी विचारले तर दुसऱ्या कलमात, खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याच्या वाक्यात, कंसात बसवलेला एक उल्लेख दाखवता येतो : नुकसानभरपाई, काही असल्यास.